तांबओढ्यावरची ओटी

१

पाहुणे आले, वाजंत्री आली, नसरापूरहून पेढे आले. पाणी तेवढं आलं नाही.

साल एकोणीसशे छत्तीस, महिना मार्गशीर्ष. राजगडाच्या बाजूला, डोंगरातल्या बंधाऱ्यावर सकाळी पूजा झाली, दरवाजा उचलला आणि पाणी पाटाने माळवाडीकडे निघालं. माळवाडी म्हणजे मुरमाड, कोरडवाहू गाव. वर डोंगरात पाऊस धो धो कोसळायचा आणि खाली माळावर ढग नुसते तोंड दाखवून जायचे. मधे तांबओढ्याची खोल घळ. ती ओलांडायला कमानींचा दगडी पूल बांधला होता. त्याच्यावरून माणसांनी जायचं नव्हतं, पाण्याने जायचं होतं. तो बांधता बांधता माळवाडीची एक पिढी म्हातारी झाली.

माळावर शामियान्यात पाहुणे घामाघूम होऊन कोरड्या पाटाकडे बघत बसले. शेवटी पुलाचा ओव्हरसिअर उपेंद्र धावत गेला आणि पांढराफटक होऊन परत आला. पुलाच्या बरोबर मध्यावर पाटाची दगडी कड उपटलेली होती. सगळं पाणी खाली घळीत कोसळत होतं. शेजारी एक पहार पडली होती.

पहार ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. ती वरच्या वाडीच्या पाटलाची, चिमाजीची. वरची वाडी भाताची. बंधारा तिच्या उशाला. "आमच्या गुरांच्या तोंडचं पानी काढून माळाला पाजता व्हय? बघतोच कसं जातंय," असं चिमाजी वर्षानुवर्षं चारचौघांत बोलत आला होता. त्यात पुलाचा राखणदार कोंडिबा पुढे आला. पहाटे चिमाजीला पुलावरून पळताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्याने सांगितलं.

दुपारच्या आत चिमाजीचे हात बांधले गेले. उद्घाटन झालं नाही, पण अटक झाली. पाहुणे अगदीच रिकाम्या हाताने परतले नाहीत.

२

दुसऱ्या दिवशी भोरहून फौजदार गंगाधरपंत आले. किडकिडीत माणूस, पोटाचा कायमचा दुखणाईत. गालात सदा बाळहिरडा धरलेला, त्यामुळे जगातलं सगळं कडूच लागतं असा चेहरा. त्यांना चुकीचा माणूस तुरुंगात गेलेला खपत नसे. बरोबर माणूस तुरुंगात गेला की ते शांत झोपत. त्या दोहोंच्या पलीकडे काही असतं, हा विचार त्यांच्या वाट्याला फारसा आला नव्हता.

उपेंद्र त्यांना पुलावर घेऊन गेला. बिचाऱ्याची झोप उडाली होती. चुना कच्चा होता असं ठरलं तर नोकरी जायची. म्हणून त्याने आदल्या दिवशीच एक कारण शोधून ठेवलं होतं.

"साहेब, मला वाटतं खेकडे असावेत. या भागात फार. बांध पोखरतात."

"दगडी पाट?"

"सांध्यातून शिरतात, साहेब."

गंगाधरपंत वाकून बघत होते. उपटलेले दगड घळीत फेकलेले नव्हते. ते पुलाच्या कडेला, सपाट बाजू वर करून, एकावर एक नीट रचून ठेवले होते.

"उपेंद्रराव, तुमचे खेकडे भलतेच टापटिपीचे दिसतात," गंगाधरपंत म्हणाले. "दगड काढतात ते काढतात, आणि रचूनही ठेवतात."

गंगाधरपंतांनी रचलेल्या दगडांतला सगळ्यांत वरचा उचलून बाजूला ठेवला. खालच्या दगडावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती, आणि पहारेच्या ओरखड्याने ती मधेच तुटली होती. त्याच्यावर घडी घातलेला हिरवा खण, एक सुपारी आणि ओंजळभर जोंधळे.

"ही उद्घाटनाची पूजा का?"

"छे! पूजा बंधाऱ्यावर झाली. भटजी पुलावर आलेच नाहीत. त्यांना उंचीचं भय वाटतं."

"म्हणजे ज्याने पूल फोडला, त्याने आधी पुलाची ओटी भरली."

उपेंद्र कसनुसा हसला. गंगाधरपंतांनी खण आणि जोंधळे रुमालात बांधले आणि वरच्या वाडीची वाट धरली.

३

चिमाजीला वरच्या वाडीच्या चावडीतच कोंडून ठेवलं होतं. आडमाप, मिशाळ गडी. फौजदार आले तरी उठला नाही.

"पानी नेलं, आता अब्रू बी न्या," तो म्हणाला. "माझी पाटीलकी जाईल, मी खडी फोडीन, माळवाडीचं काळीज थंड हुईल. लिवा काय लिवायचं त्ये."

"पहार तुझी आहे?"

"माझीच. कोंडिबानं मागून न्हेली हुती, पुलाच्या कामाला. आमच्यात भांडान असलं तरी अवजाराला कुनी न्हाई म्हनत न्हाई."

"आणि तो सांगतो तुला पळताना पाहिलं म्हणून."

चिमाजीच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. "त्यो खोटं बोलतोय. का बोलतोय त्ये मला ठावं न्हाई. त्याचा बाप गेनबा माझ्यासंगं जलमभर भांडला, पन खोटं कदी बोलला न्हाई. फौजदारसायेब, मला पूल फोडायचा असता तर कमान पाडली असती. वरची कड काढून दगुड रचीत बसलो असतो व्हय?"

हे गंगाधरपंतांच्याही मनात आलं होतंच.

चिमाजीची बायको चंद्राबाई जेवण घेऊन आली. फौजदारांनाही पान वाढलं. नवीन आंबेमोहोराचा भात, कुळथाचं माडगं, आणि पुन्हा भात. पोटाला सोसेल असं जेवण बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. जेवता जेवता त्यांनी सहज विचारलं, "भाकरी नाही करत का, बाई?"

"हितं जोंधळा कुठला पिकायचा, सायेब?" चंद्राबाई म्हणाली. "आमचं लगीन, बारसं, ओटी, तेरावं, समदं तांदळाचंच."

गंगाधरपंतांचा घास हातातच राहिला.

४

माळवाडीची बहुतेक सगळी जमीन आनंदरावांची. गावकरी त्यांची कुळं. हा पूल व्हावा म्हणून भोरला खेटे घालणारे, पाहुण्यांना हार घालणारे, पेढे वाटणारे तेच. फौजदारांचं त्यांनी मोठ्या प्रेमाने स्वागत केलं.

"त्या चिमाजीला चांगली अद्दल घडवा. माझ्या गरिबांच्या तोंडचा घास काढला त्याने."

अंगणात एक लोखंडी चरक उभा होता आणि त्याच्याजवळ म्हैस बसेल एवढी मोठी कढई पालथी घातली होती. दोन्ही कोरी करकरीत.

"गुऱ्हाळ घालताय वाटतं?"

"पाणी आल्यावर दुसरं काय करायचं? सगळा माळ उसाखाली आणायचा. येत्या पाडव्यापासून जमीन घरच्या वहिवाटीला घेतोय. कुळांना सांगून ठेवलंय दसऱ्यालाच."

"आणि ती काय करणार?"

"मजुरीला येतील की! उसाला माणसं थोडी का लागतात?" आनंदरावांच्या चेहऱ्यावर खरोखरच दयाळूपणा होता. आपण कुणाचं वाईट करतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गंगाधरपंत तिथून निघाले ते शेतांच्या बांधांवरून चालत. शाळू गुडघ्याला लागला होता. पाट शेतांच्या उशाने गेलेला. त्या पाटातून शेतात पाणी घ्यायचं तर आधी दंड खणावा लागतो, म्हणजे पाटापासून पिकापर्यंतचा लहानसा चर. आनंदरावांच्या घरच्या रानात दंड तयार होता, वाफे बांधलेले होते. त्याच्या पलीकडे, एकामागून एक, कुळांची रानं.

एकाही रानात दंड नव्हता. कुदळीचा घावसुद्धा नाही.

बापजाद्यांपासून पाण्याची वाट पाहणारे लोक. उद्या पाणी येणार म्हटल्यावर ते नखांनी माती उकरून बसले असते. आणि इथे एकानेही घराबाहेर कुदळ काढली नव्हती. माळवाडीला आधीच ठाऊक होतं की पाणी येणार नाही.

५

कोंडिबाच्या घरात तिघंच मोठी माणसं. तो, त्याची म्हातारी आई ठकुबाई आणि बायको सगुणाबाई. कोपऱ्यात लेकरू झोपलेलं. सगुणाबाई चुलीपाशी जोंधळ्याच्या भाकरी थापत होती.

"व्हय, म्या बघितला चिमाजी," कोंडिबाने पाठ केलेलं पुन्हा म्हटलं. "घोंगडं घेऊन पळत हुता."

"पहार तूच आणली होतीस ना त्याच्याकडून?"

"आनली हुती. परत दिली."

"कुणाच्या हातात दिलीस?"

कोंडिबाने आईकडे बघितलं. गंगाधरपंतांनी त्याला तिथेच सोडलं आणि म्हातारीकडे वळले. म्हातारी आनंदाने बोलत सुटली. पाण्यासाठी पहिला अर्ज तिच्या नवऱ्याने, गेनबाने केला. लोक त्याला येडा म्हणत. मग काम निघालं, तेव्हा माळवाडीच्या बायांनी दगड वाहिले. गेनबा गेला तो पुलाची शेवटची कमान वळायच्या आधी.

"मरताना सुनंला म्हनाला, पैलं पानी आलं की तू त्याची ओटी भर. माझ्या घरच्या लक्षुमीच्या हातानं पानी माळावर येऊ दे."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"कोंडिबा," गंगाधरपंत हळूच म्हणाले, "काल पाणी यायचं होतं, तुझ्याच बापाने मागितलेलं पाणी. तू तुझ्या रानात दंड का नाही खणलास?"

गंगाधरपंतांनी रुमाल सोडला. हिरवा खण, सुपारी आणि जोंधळे जमिनीवर मांडले.

ठकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फौजदारांच्या समोर येऊन उभी राहिली.

"म्या फोडला पूल," ती म्हणाली. "पोरानं माझ्यासाठनं खोटं सांगितलं. मला न्या."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी माळवाडीच्या चावडीसमोर सगळा गाव बसला. आनंदराव खुर्चीवर, उपेंद्र त्यांच्या मागे, चिमाजी दोन शिपायांच्या मधे. ठकुबाई पुढे एकटी. गंगाधरपंतांना आपलं बोलणं लोकांनी ऐकावं हे फार आवडे. कोर्टात वकील बोलू देत नसत, म्हणून ते अशी हौस चावडीवर भागवून घेत.

"चिमाजीने पूल फोडलेला नाही," त्यांनी सुरुवात केली. "ज्याला पूल नको होता, तो दगड घळीत फेकतो. हे दगड रचून ठेवलेत. ते डोक्यावर वाहून आणताना मान कशी मोडते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच रचलेत. आणि फोडण्याआधी पुलाची ओटी भरली आहे, जोंधळ्यांनी. वरच्या वाडीत ओटी तांदळाची. जोंधळ्याची ओटी तुमच्या माळवाडीची. तुमच्यातल्याच कुणीतरी हे केलं आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी दंड खणला नाही. पाणी आलं की पाडव्याला जमीन जाणार होती. पाणी आलं नाही तर राहणार होती."

आनंदराव खुर्चीत ताठ झाले. त्यांना आपल्या दयाळूपणाची अशी परतफेड अपेक्षित नव्हती.

"ठकुबाई म्हणते मी फोडला," गंगाधरपंत पुढे म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला होता. आपण किती बारीक पाहिलं आहे याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "पण ठकुबाई खोटं बोलते आहे. ओटी भरते ती सवाष्ण. ठकुबाई विधवा. जिला लोक हळदीकुंकवाला पुढे येऊ देत नाहीत, ती बाई पाण्याची ओटी भरणार नाही. ज्या बाईच्या मनात ओटीबद्दल एवढी श्रद्धा आहे, ती हा नियम मोडणार नाही."

ठकुबाईने मान वर केली. एवढा वेळ ती रडली नव्हती. आता तिचे डोळे भरून आले.

"जलमभर हळदीकुकवाला बाजूला बसवलंत," ती म्हणाली. "आता तुरुंगात जायला बी बाजूलाच बसवता व्हय, सायेब?"

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सगुणाबाई उठली. कडेवरचं लेकरू तिने सासूच्या मांडीवर दिलं आणि पदर सारखा केला.

"आत्यासनी सोडा," ती म्हणाली. "म्या फोडला. लगीन हून आल्यापास्नं त्यो दगुड म्या डोईवर वाहिला. ह्या लेकराचा पाळना त्याच कमानीत टांगला हुता. मामंजींनी सांगितलं हुतं, पैल्या पान्याची ओटी तू भर. खण घिऊन ठिवला हुता. पन त्ये पानी आमचं शेत न्यायला येत हुतं. मामंजींचा शबुद मोडवंना, म्हनून आदी ओटी भरली. मग पहार घातली."

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कुनी न्हाई."

चावडीसमोरची सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. दंड न खणलेली ती सगळी माणसं. एकही उठलं नाही. कोंडिबाचीसुद्धा मान वर आली नाही. चिमाजीवर घेतलेला आळ आता त्याच्यावर उलटणार होता.

"दगड का रचलेस?" गंगाधरपंतांनी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं, पण त्यांना आपला तर्क तिच्या तोंडून ऐकायचा होता.

"इतकं वाहिल्यालं फेकवंना," सगुणाबाई म्हणाली.

आनंदराव मागे वळले. "काय हो उपेंद्रराव, दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

उपेंद्रच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता. चुना कच्चा ठरला नव्हता, नोकरी शाबूत होती.

"अगदी थोडे, रावसाहेब. दगड सगळे धड आहेत. रचलेलेच आहेत, नुसते उचलून बसवायचे."

७

चिमाजी सुटला. सुटल्यावर तो फौजदारांच्या पाया वगैरे पडला नाही. घोड्याचा लगाम धरून एवढंच म्हणाला, "मला सोडवलंत, लई बरं केलंत. पन मला कुनी आदी सांगितलं असतं, तर म्या तिला लुगडंचोळी केली असती. आनि पहार मीच घातली म्हनून सांगितलं असतं." गंगाधरपंतांना ते बोलणं विचित्र वाटलं. खोटं कबूल करण्यात कसला मोठेपणा, हे त्यांच्या डोक्यात काही शिरेना.

सगुणाबाईला सजा झाली, खोट्या साक्षीबद्दल कोंडिबालाही झाली. पाडव्याला जमिनी गेल्या. शाळूची धसकटं निघाली, उसाची कांडी पडली. ठकुबाई लेकराला घेऊन वरच्या वाडीत चिमाजीच्या गोठ्याशेजारी राहिली आणि सून सुटून यायच्या आधीच मेली. पुलावर उद्घाटनाची पाटी बसली. पाहुण्यांचं नाव, आनंदरावांचं नाव, खाली बारीक अक्षरात उपेंद्रचं. गेनबाचं नाव घालावं असं कुणालाच सुचलं नाही.

गंगाधरपंतांचं मात्र नाव झालं. तांबओढ्याचा तपास भोरमध्ये पुष्कळ दिवस सांगितला जाई, आणि जोंधळे आणि तांदूळ यांच्यापाशी आलं की ऐकणारे मांडीवर थाप मारत. ते स्वतः सांगत तेव्हा ठकुबाईचं ते वाक्य गाळत. गोष्ट उगाच लांबते, असं त्यांचं म्हणणं होतं.

काही वर्षांनी ते फिरतीवर वेल्ह्याकडे निघाले होते. वैशाखाचं ऊन, गालातला हिरडासुद्धा कोरडा पडलेला. माळवाडीच्या माळावर पुरुषभर उंचीचा ऊस हिरवागार उभा होता आणि पाट तुडुंब वाहत होता. बांधावर घोडा थांबवून त्यांनी हाक मारली, "कोण आहे रे? जरा पाणी द्या."

उसातून एक बाई बाहेर आली. हातात खोरं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले. ती आनंदरावांच्या उसाला दारं धरत होती; एका सरीचं तोंड मातीने बुजवायचं, दुसरीचं फोडायचं. रान तेच होतं, गेनबा कसत होता ते. आता ती तिथे रोजावर होती.

दोघांनीही एकमेकांना ओळखलं. गंगाधरपंतांना वाटलं, ही आता शिव्या देईल किंवा तोंड फिरवून आत जाईल. तिने काहीच केलं नाही. झाडाखालचा तांब्या घेतला, विसळला, पाटात बुडवून काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी वर धरला.

"प्या सायेब," सगुणाबाई म्हणाली. "तुमीच आनलंय."

ते घोड्यावर बसून राहिले. ती हात वर करून उभी राहिली. मागे सरीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि पाणी उसात शिरत होतं.

तहान फार लागली होती, म्हणून ते प्यायले.